ठावठिकाणा नसलेल्या दोघी

माझा पेशंट माझ्याकडे डब्यात येतो आणि बहुधा पुरता येत नाही. कधी पित्ताशय येतं, कधी वीतभर आतडं, कधी दुर्बिणीतून खुडून आणलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा. डब्यात फॉर्मलिन, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, वय आणि सर्जनचं न लागणारं अक्षर. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात तीसहून अधिक वर्षं मी या डब्यांची बाई होते. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. आमच्या सासऱ्यांना हा शब्द शेवटपर्यंत जमला नाही. ते पाहुण्यांना सांगत, "आमची सून डॉक्टर आहे, पण घाबरू नका, ती कुणाला तपासत नाही."

काम काय, ते एकदा सांगून टाकते. डब्यातून तुकडा काढायचा, मापायचा, चिरायचा, महत्त्वाची जागा निवडायची. ती मेणात बसवायची, की काड्यापेटीपेक्षा लहान असा ब्लॉक तयार होतो. त्याचा पापुद्रा काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा आणि दुधावरची साय उचलावी तसा काचेवर उचलायचा. मग रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ठरवायचं, की हा माणूस पुढच्या आठवड्यात घरी जाणार की ऑपरेशनला. माणूस तेव्हा वॉर्डात चहा पीत असतो. त्याला आम्ही अस्तित्वातही आहोत हे ठाऊक नसतं, आणि ते बरंच असतं.

थेट भेटायला येणारे क्वचित, आणि आले तर विचित्र. माझगावचे एक गृहस्थ आपल्या पित्ताशयातले खडे परत मागायला आले होते. अकरा होते, मोजून घेतले. कशाला हवेत, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, बायको म्हणते मी आयुष्यात काही कमावलं नाही." बरणीत घालून दिले.

आमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा अवयव म्हणजे नाव. तुकडा लहान पडला तर दुसरा मागवता येतो. नाव चुकलं तर भलत्याच माणसाचं पोट उघडलं जातं. म्हणून डब्यावरचं नाव, कागदावरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव, तीन वेळा पडताळायचं. माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं सांगतील की बाईंनी स्लाइड चुकली तर समजावलं, नाव चुकलं तर झोडपलं. मला त्याचा अभिमान होता. तो किती पोकळ होता, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी माझ्या स्वतःच्या नावाविषयी. दारावर पाटी अनुराधाची आहे. पदवीवर मीनाक्षी आहे. गिरगावातल्या आमच्या प्रभूंच्या घरात मी चोवीस वर्षं मीनाक्षी होते. लग्न करून दादरला आले तर सासरी आधीच एक मीनाक्षी होती, नणंद. एका घरात दोन मीनाक्षी नकोत म्हणून लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने अनुराधा लिहिलं गेलं आणि मी संध्याकाळपर्यंत हाकेला ओ द्यायला शिकले. नणंद पुढच्या वर्षी लग्न करून गेली आणि तिकडे रेवती झाली. म्हणजे मीनाक्षी कुणीच उरली नाही. मी आणि मीनाक्षी एकच, असं सांगणारं प्रतिज्ञापत्र मात्र पेन्शनच्या फाइलीपर्यंत माझ्याबरोबर आलं. एवढं असूनही पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं.

माझ्या संशोधनाचा विषय पोटातल्या कॅन्सरची आनुवंशिकता. आतड्याचे बहुतेक कॅन्सर ज्याचे त्याचे असतात, वारशाने येत नाहीत. पण काही घरांत ते पिढ्यान् पिढ्या फिरतात. पेशी दुभंगताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करायला पेशीत मुद्रितशोधक असतात. दिवाळी अंकाच्या वाचकाला मुद्रितशोधक नसला तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. काही घरांत हा मुद्रितशोधकच जन्मतः अर्धा आजारी असतो. आईकडून किंवा बापाकडून तो दोष येतो, आणि ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात उतरला त्यांनी वेळच्या वेळी दुर्बीण घालून आतडं पाहून घेतलं, तर बहुतेक वेळा भानगड लहान असतानाच खुडता येते. म्हणजे कुणात आहे आणि कुणात नाही, हे कळण्यावर माणसाचा जीव असतो. त्यासाठी आम्ही वंशावळी काढत असू. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आजारी तो काळा, मेलेल्यावर तिरकी रेघ.

सुहास माझ्याकडे आधी डब्यात आला. वय चव्वेचाळीस, आतड्याचा उजवा भाग. स्लाइड पाहिली आणि मी खुर्ची पुढे ओढली. वय कमी, जागा उजवी, गाठीत पांढऱ्या पेशींची गर्दी. घराण्याचं दुखणं असंच दिसतं. मी वॉर्डात निरोप पाठवला, की याला चालता येऊ लागलं की वर पाठवा.

सुहास लालबागचा. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करायचा. गादीवर बसून बोलायची सवय इतकी की माझ्यासमोरही तो मांडी घालायला जागा शोधत होता.

"घरात आणखी कुणाला पोटाचं?" मी विचारलं.

"वडील पन्नाशीत गेले, याच्यानेच. आजी पण. वडिलांची आई. भागीरथी नाव. तिला गोळा होता म्हणायचे."

"आईकडे?"

"आई मी चार वर्षांचा असताना टायफॉइडने गेली. मला आत्याने वाढवलं. आईची एक बहीण आहे, शीवला. सत्तरीची, एकदम ठणठणीत. ही तिची मुलगी, सविता."

सविता दारात उभी होती, हातात डबा घेऊन. त्याच्यासाठी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. शेहेचाळीस वर्षांची, काळाचौकीला राहणारी, शाळेत क्लार्क, गौरी नावाची एक मुलगी कॉलेजात. सुहासला सख्खं भावंड नव्हतं, म्हणून राखी हिची आणि इस्पितळाच्या खेपाही हिच्याच.

मी कागदावर रेघा ओढल्या. आजी काळी, वडील काळे, सुहास काळा. आई पांढरी, मावशी पांढरी. इतकी स्वच्छ वंशावळ पाठ्यपुस्तकातही नसते. वडिलांचं ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं होतं, म्हणून आमच्या तळघरातल्या ब्लॉकच्या कपाटांचे राखणदार तावडे खाली गेले आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा मेणाचा ब्लॉक तासाभरात घेऊन आले. तावड्यांकडे संगणक नव्हता आणि हरवलेला ब्लॉकही नव्हता. सुहासच्या रक्तात जो दोष सापडला तोच वडिलांच्या ब्लॉकमध्ये सापडला. दुखणं वडिलांकडून आलं, हे सिद्ध झालं.

निकाल सांगितला त्या दिवशी सुहास औषधं आणायला खाली गेला आणि सविता मागे रेंगाळली.

"मॅडम, मला काही धोका?"

"तू त्याच्या आईकडची. हे वडिलांकडून आलंय. तुझा संबंध नाही."

"म्हणजे तपासायलाही नको?"

"नको. निर्धास्त राहा."

तिने हुश्श केलं, खरंच आवाज येईल असं. मग उरलेला घावणा मला दिला. मी तो खाल्ला.

पुढची दोन वर्षं मी या घराण्यावर निबंध लिहीत होते. दोष कुठून सुरू झाला ते पाहायला आजीचं माहेर हवं होतं. ते सांगायला एकच माणूस उरलं होतं, सुहासला वाढवणारी शेवंती आत्या, भागीरथीबाईंची मुलगी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्यात दोष नव्हता. तसं सांगितलं तेव्हा तिने "माका म्हायत होता" एवढंच म्हटलं आणि पानाची पिशवी उघडली.

"आजीला भाऊ-बहीण?" मी विचारलं.

"एकच भाव. माजो मामा, आबाजी. तो पण पोटानंच गेलो."

"त्यांना मुलं?"

"दोन चेडवां. इंदू आनि सुमन."

"त्या कुठे असतात?"

"इंदू गेली. सुमन आसा, शीवाक."

"शीवला कुठे?"

"घोवाकडे," आत्या म्हणाली. नवऱ्याच्या घरी, आणखी काय सांगायचं, असा तिचा चेहरा होता.

मी आबाजींखाली दोन गोल काढले. इंदू, तिरकी रेघ, कारण अज्ञात. सुमन, शीव, पत्ता नाही. आबाजींचंही ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं होतं, त्यांचा ब्लॉकही तावड्यांनी शोधून काढला. मेण पिवळं पडलेलं, पण दोष तोच. म्हणजे सुमनला धोका होता, तिला मुलं असली तर त्यांनाही. तिला गाठणं हे आता निबंधापुरतं काम राहिलं नव्हतं. कुठेतरी शीवमध्ये एक बाई आणि तिची मुलंबाळं काही माहीत नसताना जगत होती, आणि मला ते खरोखर टोचत होतं.

तावडे शीव कोळीवाड्याजवळच राहायचे. मी त्यांना कामाला लावलं, पण एक अट घालून. कुणाच्या दारात घराण्याचं किंवा दुखण्याचं नाव काढायचं नाही. रुग्णाची गुप्तता, नियम नियम आहे. त्यामुळे तावडे रविवारी सकाळी लोकांच्या दारात जाऊन नुसतं विचारायचे, "इथे सुमन नावाच्या कोणी बाई राहतात का? माहेर लालबागचं?" दर सोमवारी मला अहवाल मिळायचा.

"मॅडम, आतापर्यंत नऊ सुमन झाल्या. सहा जणींनी चहा दिला. आपली एकही नाही."

"शोधत राहा."

"शोधतो. एका ठिकाणी मला विमावाला समजून कुत्रा सोडला."

आणि या दोन वर्षांत दर तीन-चार महिन्यांनी सुहासच्या तपासणीला सविता येत होती, माझ्या खोलीत बसत होती, माझ्यासाठी वेगळा डबा आणत होती. एकदा मी तिच्यासमोर तावड्यांना विचारलंही, "आपली शीवची बाई सापडली का?" तिने सहानुभूतीने मान हलवली आणि मला आणखी एक वडा वाढला. नाव मी घेतलं नाही. गुप्तता.

निबंध छापून आला. वंशावळीचा मोठा कागद मी फ्रेम करून खोलीत लावला. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती, आणि माझ्या भिंतीवर तोवर फक्त औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. पुढच्या खेपेला सुहासबरोबर सविता आणि आत्या दोघी आल्या. आत्याला "आमच्या घराचो नकाशो" बघायचा होता. मी नावं मराठीत लिहून वर चिकटवलेली होती, घरच्यांसाठी. निबंधात नावं नसतात, नुसते आकडे असतात.

आत्या फ्रेमसमोर उभी राहिली. चष्मा तिने आणला नव्हता. "वाच गो, काय लिवलेला आसा ता."

सविता बोट ठेवून वाचू लागली. "ही भागीरथी आजी. हा तिचा भाऊ, आबाजी. त्याच्याखाली इंदू. वारली, कारण माहीत नाही. मग सुमन. ठावठिकाणा नाही."

"ठावठिकाणा नाय म्हंजे?"

"सापडल्या नाहीत, आत्या," मी म्हणाले. "दोन वर्षं शोधतोय शीवमध्ये."

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सविताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "सुमन म्हंजे हिची आवस."

"माझी आई सुलभा आहे," सविता म्हणाली. ती हसत होती. मग हसू तसंच राहिलं आणि ती म्हणाली, "माहेरचं नाव सुमन. लग्नात बदललं. आजोबांना आम्ही नुसतं आजोबाच म्हणायचो."

"आनि इंदू म्हंजे ह्या सुहासाची आवस. लग्नात उषा केल्यानी. आमच्या वसंतान मामाचा चेडू केल्यान. आमच्यात तसाच करतत, मामाच्या चेडवावर पयलो हक्क भाच्याचो." मग तिने मला थोडं समजावल्यासारखं सांगितलं, "सगळ्यांका म्हायत आसा. माका कोणी इचारूकच नाय."

खरं होतं. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच मला कुणी सांगितलं नाही. सुहासचे वडील वसंतराव, त्यांची बायको त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. सासू आणि सून नात्याने आत्या आणि भाची. मी मात्र लग्न करून आलेली बाई म्हणजे बाहेरची, असं धरून तिचं माहेर वेगळ्या कोपऱ्यात मांडलं होतं. मावशी ठणठणीत आहे म्हटल्यावर आईच्या वडिलांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. उत्तर हाती आलं होतं ना. त्या भिंतीवर दोन बहिणी चार बायका होऊन टांगलेल्या होत्या. दोघी उषा आणि सुलभा म्हणून निरोगी, दोघी इंदू आणि सुमन म्हणून बेपत्ता. दुखणं वडिलांकडून आलं हे बरोबरच होतं. आईचंही घर तेच होतं, एवढं फक्त राहिलं.

सविताचं बोट अजून काचेवर होतं. सुमनच्या गोलाखाली कोरी जागा होती.

"मग मॅडम, मी ह्याच्यात कुठे येते?"

मी फ्रेम भिंतीवरून काढली. मागचे खिळे वाकवायला वेळ लागला. कागद टेबलावर पसरून सुमनच्या खाली रेघ ओढली, रेघेखाली गोल काढला. त्या गोलाखाली आणखी एक लहान गोल काढावा लागणार होता, गौरीचा. तो मी तेव्हा काढला नाही.

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. दुसरं काही सुचत नव्हतं.

"पोटात दुखतं? वजन उतरलंय? संडासवाटे रक्त?"

"रक्त जातं. चार-पाच महिने झाले."

"पाच महिने? आणि आली नाहीस?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मूळव्याध समजले. तुम्हीच म्हणालात ना, निर्धास्त राहा."

त्यात टोमणा नव्हता. ती कारण सांगत होती. आत्या खाली बसली आणि पानाची पिशवी तिने उघडली नाही.

दुर्बीण दोन दिवसांत झाली. आतड्यात सुपारीएवढी गाठ होती. दोन वर्षांपूर्वी ती बहुधा मटाराएवढा मोड असती आणि तिथल्या तिथे खुडता आली असती. हे मी कुणाला विचारलं नाही, कारण असा प्रश्न लोक मलाच विचारतात आणि उत्तर मला येतं. रक्तात दोष होता. सुलभाबाईंच्या रक्तातही होता. दोष असून सत्तरीपर्यंत काही न झालेल्या त्या नशीबवान बाई. त्यांना मी तावड्यांविषयी विचारलं.

"आला होता एक माणूस," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सुमन कोणी राहत नाही इथे. पन्नास वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही हो. दार लावल्यावर जरा चुटपुट लागली, पण म्हटलं दुसरी कुणीतरी असेल."

"चहा दिला होता का?" तावड्यांनी नंतर विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग बरोबर," ते म्हणाले आणि तळघरात गेले. ते आठवडाभर वर आले नाहीत.

ऑपरेशन झालं आणि सविता माझ्याकडे डब्यात आली. चिठ्ठीवर तिचं नाव होतं. मी ते तीन वेळा पडताळलं.

मोठ्या पदावरची माणसं स्वतः चिरफाड करत नाहीत. ते काम निवासी डॉक्टरांचं. त्या दिवशी मी ॲप्रन चढवला आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आतड्याला चिकटलेल्या चरबीत लहान लहान ग्रंथी असतात, रव्याच्या गाठींसारख्या. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. कॅन्सर आतड्याबाहेर पडला असेल तर आधी तिथे सापडतो. ग्रंथी स्वच्छ असतील तर माणूस वाचतो असं धरून चालायला हरकत नसते. बारा काढल्या की काम भागतं. मी अठरा काढल्या. नंतर उरलेली चरबी पुन्हा एकदा चाचपली. मला कुणी विचारलं असतं तर पद्धत म्हणून सांगितलं असतं, पण मला भीती वाटत होती.

दोन दिवसांनी स्लाइड आल्या. मी एकेक ग्रंथी काठापासून काठापर्यंत पाहिली. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. सातव्या ग्रंथीत एक जागा अशी होती की मी उठून खिडकीपाशी गेले आणि परत येऊन बसले. ती नुसती सूज निघाली, कॅन्सर नव्हे. अठराव्या ग्रंथीला मी घड्याळ पाहिलं, तर जेवायची वेळ उलटून गेली होती. अठराही स्वच्छ होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन अहवालावर सही केली. अनुराधा.

मग वॉर्डात गेले. पेशंटपुढे उभं राहायची मला सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

"सविता, चूक माझी आहे. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी तुला निर्धास्त राहा म्हणायला नको होतं."

नळ्या लावलेला हात तिने चादरीवर सरळ केला.

"मॅडम, आमच्या घरात कुणाचं पोट जरा दुखलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. लहानपणापासून बघतेय मी. तुम्ही तसं म्हणालात ना, ती दोन वर्षं मी पोटभर जेवले. सिनेमाला गेले. गणपतीत गावाला गेले." मग म्हणाली, "चांगली गेली हो ती दोन वर्षं."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अजूनही मला तसंच वाटतं.

निबंधाच्या संपादकांना मी पत्र लिहिलं, की या कुटुंबातल्या दोन स्त्रिया कृपया कमी कराव्यात. परदेशातलं नियतकालिक, त्यांनी कारण विचारलं. मी कळवलं, विवाह. पुढे तीन पत्रं झाली. शेवटी दुरुस्ती छापून आली.

रुग्णालयाच्या अर्जात मी दोन रकाने वाढवून घेतले. एक, लग्नाआधीचं नाव, स्वतःचं आणि आईचंही. दोन, नवरा-बायकोचं लग्नाआधीपासूनचं नातं. व्यवस्थापनाने हरकत घेतली की अर्ज दुसऱ्या पानावर जातोय. मी म्हटलं, जाऊ दे. त्या रकान्यांनी पुढे बऱ्याच हरवलेल्या बायका शोधून दिल्या. शेजारच्या वॉर्डात सापडल्या, त्याच खोलीत सापडल्या, एक तर स्वतः अर्ज भरणारीच निघाली.

निवृत्त होताना मी ती फ्रेम घरी आणली नाही. कागद मात्र नव्याने काढून सविताला दिला, बरोबर केलेला. सुलभाबाईंच्या गोलाजवळ मी सुमनही लिहिलं होतं. माझ्या टेबलाच्या खणात पेन्शनचं जे प्रतिज्ञापत्र होतं, त्याच्याखाली तो कागद दोन दिवस होता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी थोडा वेळ खण उघडाच ठेवून बसले.

गेल्या वैशाखात गौरीचं लग्न झालं, दादरच्या एका हॉलमध्ये. सविता पाच वर्षं स्वच्छ आहे, दर वर्षी दुर्बीण घालून घेते. सुहासने साड्या आणल्या होत्या. मला दिलेली नेसून आलेय की नाही, ते त्याने दारातच पाहून घेतलं. आत्या खुर्चीत होती, कानाने अधू. गौरीने अजून तपासून घेतलेलं नाही. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सगळं सांगितलंय, लग्नानंतर दोघं मिळून जाणार आहेत. मी तिला काही म्हटलं नाही. कुणाला काही म्हणण्याआधी मी आता फार विचार करते.

विधी संपत आले तसं गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं आणि नवऱ्या मुलाला विचारलं, "नाव काय ठेवताय?"

"गौरीच," सविता मागून म्हणाली.

"बदलायचं नाही?"

"नाही. आमचं सगळं बोलणं झालंय."

गुरुजी ताट मागे घेऊ लागले. "मग लिहायचं कशाला?"

"लिहा गुरुजी," सविताने ताट धरून ठेवलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नोंद राहू दे."

मुलाने अंगठीने तांदळावर गौरी लिहिलं. मी पुढे वाकून वाचलं. तीन वेळा वाचलं, मग जेवायला गेले.